करकोचे परतले

ओंकारेश्वराच्या घाटाखाली गुडघाभर पाण्यात उभं राहून यज्ञेश्वरशास्त्री सूर्याला अर्घ्य देत होते. ओंजळ कपाळापर्यंत गेली होती आणि तेवढ्यात वरून तो आवाज आला. घशातल्या घशात खुळखुळणारा, उंचावरून खाली येताना मऊ झालेला, एकाचा नव्हे, पुष्कळांचा. शास्त्रीबुवांची बोटं सैल झाली, पाणी कोपरावरून ओघळून गेलं आणि मंत्र अर्ध्यावर राहिला. मुंजीपासून आजवर, तापानं अंग फणफणत असतानासुद्धा, त्यांची संध्या कधी मध्येच तुटली नव्हती. त्यांनी मान वर केली. आधी नुसता उजेड दिसला. गेली दोन-तीन वर्षं डोळ्यांवर साय धरू लागली होती. मग त्या उजेडात, पर्वतीच्या अंगाला, एक काळसर दोरा हलताना दिसला. मध्येच तुटायचा, पुन्हा जुळायचा. पेठांवरून, शनिवारवाड्याच्या नगारखान्यावरून, नदी ओलांडून तो उत्तरेकडे सरकत होता. शेजारी धोतर पिळणारे एक गृहस्थ म्हणाले, "शास्त्रीबुवा, सूर्य या बाजूला आहे." एरवी त्यांना जागच्या जागी उत्तर मिळालं असतं. आज शास्त्रीबुवा आभाळाकडेच बघत राहिले. करकोचे परतले होते, यंदाचे पहिले. दरवर्षी हा आवाज ऐकला की छातीत काहीतरी हलकं व्हायचं. आज तेच काहीतरी जड होऊन खाली बसलं. आज नको होतं, असं त्यांच्या मनात आलं. आणखी आठ-पंधरा दिवसांनी निघाला असतात, तर काय बिघडलं असतं तुमचं?

पुण्याच्या माणसाला करकोच्यांचं तसं कौतुक नाही. दसऱ्याच्या पुढे-मागे ते उत्तरेकडून येतात, लोणी काळभोरच्या हरभऱ्यात उतरतात, शेतकऱ्यांच्या शिव्या खातात आणि फाल्गुन सरता सरता उठून आल्या वाटेनं जातात. नेमकी त्याच दसऱ्याला शहरातली माणसं सीमोल्लंघन करून उत्तरेकडे निघतात, आणि इकडे पाखरं उठली की तिकडे माणसं, पावसाच्या आत घर गाठायला, दक्षिणेकडे वळतात. म्हणजे वर्षातून दोनदा, नर्मदेच्या आसपास कुठेतरी, पाखरं आणि फौजा एकमेकांना ओलांडून जात असणार. हे शास्त्रीबुवांच्या स्वतःच्या ध्यानात कधीच आलं नसतं. ते न्यायशास्त्राचे माणूस. आभाळाकडे पाहायचं ते तिथी आणि नक्षत्रांपुरतं. पाखरांचा हिशेब अनंताचा होता. सहा-सात वर्षांचा असताना त्याला माळवदावर सांडगे राखायला बसवलं होतं, आणि हा पठ्ठ्या पाठ टेकून आभाळ बघत पडला होता, कावळे निवांतपणे सांडगे खात होते. "नाना, आले! आले!" म्हणून तो ओरडला, तेव्हा शास्त्रीबुवा शिडी चढून वर गेले. वर पाहून म्हणाले, "अरे, हे तर चालले आहेत. आले कसं म्हणतोस?" पोरानं विचार केला आणि उलट विचारलं, "नाना, त्यांचं घर इथलं की तिथलं?" मग शास्त्रीबुवांनी त्या एवढ्याशा मुलाला घर म्हणजे काय याची व्याख्या सांगितली. जिथे अंडी घालतात ते घर, जिथे नुसतं खातात ते घर नव्हे, वगैरे. अनंतानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग इथे ते काय, माहेरपणाला येतात?" खाली तुळजाबाई, त्याची आई, पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेव्हापासून घरात तो शब्द राहिला. पाखरं जाताना दिसली तरी म्हणायचं "आले". शास्त्रीबुवाही म्हणू लागले, आणि हे व्याकरणाला धरून नाही याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

अनंता उत्तर हिंदुस्थानच्या स्वारीवर गेला तो कारकून म्हणून. एका सरदाराच्या पथकात हिशेब लिहायला माणूस हवा होता आणि याचं अक्षर चांगलं होतं. निघायच्या दिवशी ओसरीवर वडिलांच्या पाया पडला, उठला आणि म्हणाला, "नाना, करकोचे माघारी फिरले की आम्हीही फिरलो असं समजा." शास्त्रीबुवांनी मान डोलावली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मुलगा बोलतोय त्यांच्याशी, पण डोळे जरा पलीकडे, माजघराच्या दाराकडे आहेत. दाराआड सगुणा उभी होती. थोरामोठ्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नाही, म्हणून तिच्यासाठीचा निरोप त्यानं बापाच्या हाती दिला होता. शास्त्रीबुवा आपले नुसते वाहक. पण हाती आलेली वस्तू ज्याची त्याला पोचवायची, हा त्यांचा स्वभाव. पहिल्या फाल्गुनात घाटावरून परतताना करकोचे दिसले, तेव्हा ते ओल्या धोतरानिशी थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि सोळा वर्षांच्या सुनेला म्हणाले, "आले गं." दुपारी पानात गुळाचा सांजा होता. त्या वर्षी अनंता आला नाही, स्वारी लांबली होती. पुढच्याही वर्षी लांबली. तिसऱ्या वर्षी स्वारी आली आणि अनंता आला नाही. पथकातला वाईचा एक शिलेदार येऊन सांगून गेला, की मथुरेच्या घाटावर पाहिला, हसत होता, एका घोंगडीवाल्याशी घासाघीस करत होता. त्यानंतर काही नाही. वाईटही नाही, बरंही नाही. आणि दर फाल्गुनात शास्त्रीबुवा "आले गं" म्हणत राहिले आणि दर फाल्गुनात पानात सांजा येत राहिला. तो नाहीसा झाला आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि सगुणेलाही ठाऊक आहे, आणि दोघंही एकमेकांसाठी हे चालवतो आहोत, असं शास्त्रीबुवांना मनातून पक्कं वाटे. चौथ्या-पाचव्या वर्षापासूनच वाटत आलं होतं. त्यात दुःख होतं, पण एक ऊबही होती. तुळजाबाई गेल्यावर तर त्यांच्याशी इतकं न बोलता बोलणारं दुसरं कोणी घरात उरलं नव्हतं.

पण मथुरेच्या त्या घाटाला आता बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याची वार्ता नाही तो गेला असं धरावं, असं शास्त्र आहे, आणि हे शास्त्र यज्ञेश्वरशास्त्र्यांनी दुसऱ्यांच्या घरांसाठी अनेकदा सांगितलं होतं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं. त्या दिवसापासून घरातली ती बाई विधवा. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, न्हाव्याला बोलवायचं. हे सगळं ते एका सुरात सांगत, मध्ये कुठे न अडखळता. ऐकणाराला धीर यावा म्हणून सूर मुद्दाम सपाट ठेवत. आता विचारायला आला होता त्यांचाच धाकटा मुलगा, दिगंबर. त्याचंही काही चुकत नव्हतं. त्याच्या बायकोला दोन मुलं झाली आणि दोन्ही उपजतच गेली, आता तिला पुन्हा दिवस होते, आणि गोपाळभट उपाध्ये म्हणाले होते की घरातल्या माणसाला पाणी मिळालेलं नाही, तो तहानलेला आहे. "नाना, दादालाही सुटायला नको का?" दिगंबर काल म्हणाला होता, आणि बोलताना त्याचा आवाज चिरला होता. शास्त्रीबुवांनी उत्तर दिलं होतं, "उद्या दुपारी ये म्हणावं गोपाळभटाला. दिवस ठरवू." म्हणजे आजच.

घाटाच्या पायऱ्या चढून ते वर आले तर तिथे सर्जेराव काळभोर उभा. लोणीचं त्यांचं थोडंसं इनाम तोच कसत असे. खांद्यावर घोंगडी आणि त्यात बांधलेला हिरवा भारा. "रामराम शास्त्रीबुवा. धाकल्या धन्यांनी पळसाची पानं मागिवली व्हती. लई हिंडलो बगा. ह्या दिसांत पानं कुटली, समदी झडल्यात, झाडाला निस्ती फुलं हायती. वाघोलीच्या अंगाला एका वघळीत येक झाड घावलं, सावलीतलं. म्हनलं, धन्याच्या घरचं कार्य हाय, मोकळ्या हातानं कसं जावं?" तो हसला. "लगीन हाय का मुंज?" शास्त्रीबुवांना खोटं सांगता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं, म्हणून ते "चल" एवढंच म्हणाले. सर्जेराव शेजारून चालत राहिला, बोलत राहिला. हरभरा निघाला, दाणा बरा आहे, पाखरं काल सांजच्याला उठली, जाताना रानभर ओरडून गेली, आता पुढच्या दसऱ्यापातुर डोक्याला ताप नाही. "पर येक सांगू का? गेली म्हंजी रान कसं रिकामं रिकामं वाटतंय." शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावरचा भारा चालताना सळसळत होता. एवढ्याशा भाऱ्यात अनंता मावणार होता. ओसरीवर रांगताना ज्याला धरायला दोघं लागत तो अनंता.

लोक वाटेत बाजूला होऊन नमस्कार करत होते. यज्ञेश्वरशास्त्र्यांचा पेठेत दरारा होता तो विद्येचा थोडा आणि खरेपणाचा फार. शेजाऱ्याशी भिंतीचा तंटा झाला तेव्हा चावडीवर यांनाच विचारलं, आणि यांनी स्वतः सांगितलं की आमचीच भिंत हातभर पुढे आली आहे, आमच्या वडिलांनी सारली, मी लहान होतो, पाहिली आहे. परसू हातभर आक्रसलं, आणि तुळजाबाईंच्या जाईचा वेल त्या हातभरात गेला. तुळजाबाई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "यज्ञेश्वरशास्त्री म्हणाले" एवढं म्हटलं की त्यापुढे कोणी पुरावा मागत नसे. शास्त्रीबुवांना याचा अभिमान होता, नाही कशाला म्हणायचं, चांगला अभिमान होता. फक्त तुळजाबाईंना नव्हता. गाईचं वासरू आजारी पडलं आणि छोट्या अनंतानं विचारलं, नाना, जगेल ना हो? तेव्हा नाना म्हणाले, नाही जगायचं. रात्रभर पोरगं रडलं आणि तुळजाबाई म्हणाल्या, "एक शब्द बोलला असतात तर काय जिभेला खडे टोचले असते तुमच्या?" आणि शेवटच्या दुखण्यात, अंथरुणाला खिळलेल्या असताना, त्यांनी स्वतःच विचारलं होतं. अनंता येईल ना? शास्त्रीबुवांनी त्यांचा हात हातात घेतला होता. तो हात अजून आठवतो, पालेभाजीच्या देठासारखा गार. आणि ते म्हणाले होते, "मला ठाऊक नाही." हे खरं होतं. तुळजाबाईंनी हात सोडवून घेतला नाही, पण डोळे मिटले, आणि मग त्या फारसं बोलल्या नाहीत. आज रस्त्यानं चालताना शास्त्रीबुवांना पहिल्यांदाच वाटलं की त्या वेळी खरं कोणासाठी बोललो होतो? तिला तर ते नको होतं. मग उरलो कोण? मीच.

घरी सर्जेराव भारा अंगणात टेकवून, ताक पिऊन गेला. दिगंबर बाहेर गेला होता. शास्त्रीबुवा परसात हातपाय धुवायला म्हणून वळले आणि दाराशीच थांबले. सगुणा विहिरीच्या कट्ट्याजवळ उन्हात बसली होती. न्हाऊन केस वाळवत होती. तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. ओले केस पाठीवरून खाली, कट्ट्याच्या दगडावर आले होते आणि ती एका बाजूनं बोटांनी ते सोडवत होती, सावकाश, जसं रोजचं काम करावं तसं. तिनं आता तिशी गाठली होती. कानाजवळ दोन-चार रुपेरीही झाले असतील. शास्त्रीबुवांनी नजर वळवली. सुनेचे केस पाहू नयेत. पण वळवली तरी दिसायचं ते दिसलंच: पाटावर खाली मान घालून बसलेली हीच बाई आणि समोर वस्तरा. इतरांच्या घरांसाठी सांगितलेल्या त्या सपाट सुरातल्या वाक्याला प्रथमच केस फुटले. त्यांना तिचा लळा होता. पोटच्या मुलीचा असता तेवढा, किंवा जास्तच, कारण मुलीला ओरडता येतं, हिला कधी ओरडलेही नव्हते. त्यांनी खाकरल्यासारखं केलं. ती लगबगीनं उठली, पदर डोक्यावर घेतला आणि पुढे येऊन म्हणाली, "मामंजी, आले ना? मी पाणी ओढत होते, आवाज ऐकला. दिसले नाहीत, पण ऐकले." तिच्या तोंडून हे यायची ही पहिलीच वेळ, दरवर्षी ते सांगत आणि ती ऐकत असे. "आले," शास्त्रीबुवा म्हणाले.

तेवढ्यात तिची दृष्टी अंगणातल्या भाऱ्यावर गेली. ती पाहत राहिली. माजघरात राहणाऱ्या बायकांना ओसरीवरचं सगळं कळतं. पानं कशाची आणि कशासाठी, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती भाऱ्यापाशी गेली, गाठ सैल केली, एक पान बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "उन्हात कोमेजतील." मग कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिनं ती पानं शिंपडली. वरून, बाजूनं, हलक्या हातानं, भारा ओढून सावलीत घेतला आणि त्यावर ओलं फडकं टाकलं. शास्त्रीबुवा पाहत होते. आपल्या नवऱ्याच्या पुतळ्याची पानं ती टवटवीत राखत होती, कारण घरात आलेली हिरवी वस्तू सुकू द्यायची नाही एवढंच तिच्या हातांना ठाऊक होतं. हात पुसत ती वळली, खालच्या मानेनं उभी राहिली, आणि आवाजात कुठेही कंप न येऊ देता म्हणाली, "मामंजी, यंदा सांजा करायचा ना?" शास्त्रीबुवा तर्कात बुडालेलं आयुष्य जगले होते, इतका साधा आणि इतका पूर्ण प्रश्न त्यांना कोणत्याही सभेत कोणी घातला नव्हता. "कर," ते म्हणाले. आणि तो एक शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की दिवस ठरवायचा नाही, हे आत्ताच ठरलं.

सांजा खाताना मन जुन्या सवयीनं कामाला लागलं होतं. बारा वर्षं, पण कधीपासून? शेवटची वार्ता आली तिथपासून. मथुरेनंतरची एखादी वार्ता असेल तर मोजणी तिथून. गेल्या वर्षीची असेल तर गेल्या वर्षापासून. मग बारा वर्षं आणखी, तोवर आपण नसू, आणि कदाचित तीही केस पांढरे करून सुखानं जाईल. इतकं सोपं होतं. फक्त वार्ता हवी, आणि ती द्यायला असा माणूस हवा की ज्याला कोणी पुरावा मागणार नाही. शास्त्रीबुवांना हसू आलं. असा माणूस पेठेत एकच होता. हातभर भिंत देऊन, बायकोचा जाईचा वेल देऊन, मुलाचं रडू देऊन त्यांनी जी पुंजी साठवली होती, ती आज एकदम खर्चून टाकायची. प्राण वाचवायला खोटं बोललं तर दोष नाही, अशी सवलत शास्त्रात आहे, त्यांना वचन पाठ होतं; पण ती सवलत त्यांनी मागितली नाही. दोष लागायचा तर लागू दे. दुसरीच गोष्ट त्यांना टोचत होती. अनंता खरोखर कुठे तहानलेला असेल तर? आपण पाणी अडवतो आहोत बापाच्या हातानं. आणि धाकटीचं तिसरंही मूल तसंच गेलं तर? दिगंबराच्या तोंडाकडे कसं पाहायचं? त्यांनी पानावर पाणी फिरवलं, आणि आत कुठेतरी, जिथे ते कधी कोणाशी बोलत नसत, तिथे मुलाशी बोलले. बाळा, तू थोडा थांब. तुला थांबायची सवय झाली असेल. हिला मी जिवंतपणी जाळू शकत नाही. सगुणेची काळजी त्यांना नव्हती. ती शहाणी होती. आतून ऐकेल, काय चाललंय ते एका क्षणात ओळखेल, आणि उद्यापासून दोघं जसं सांजा चालवतात तसं हेही न बोलता चालवतील.

दुपार कलल्यावर गोपाळभट आले. पंचांग उघडून ओसरीवर बसले. दिगंबर जरा मागे, भिंतीला टेकून, पायाच्या नखांकडे बघत बसला होता. "चैत्रावर ढकलायला नको," गोपाळभट म्हणाले, "पाडवा, नवरात्र. परवाचा दिवस मात्र चांगला आहे. आपली आज्ञा झाली की..." "विधी करता येणार नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. गोपाळभटांनी पंचांगावरून डोळे उचलले. "का हो?" आणि शास्त्रीबुवा म्हणाले, "अनंता जिवंत आहे." आवाज तोच लागला, सपाट, न अडखळता, इतकी वर्षं तो कशासाठी घोटून ठेवला होता ते आता कळलं. "गेल्या आश्विनात ओंकारेश्वरावर एक गोसावी उतरला होता. हरिद्वाराहून आलेला. नाव, गाव, माझं नाव, सगळं बरोबर सांगितलं त्यानं. अनंता भेटला आहे त्याला." "मग आजवर आपण..." "घरी सांगू नका, असा त्याचाच निरोप होता. यायचं झालं की येईन, तोवर कोणाला आशेला लावू नका म्हणाला. म्हणून बोललो नाही. आता तुम्ही बोलायला लावलंत." एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं लगेच हाताशी आलं, आणि ते इतक्या सहज आलं याचा शास्त्रीबुवांनाच अचंबा वाटला. गोपाळभटांनी पंचांग मिटलं. "आपण सांगता म्हणजे संपलंच. मोजणी आता गेल्या आश्विनापासून." पंचांग फडक्यात गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "माझी दक्षिणा बुडवलीत शास्त्रीबुवा, पण खरं सांगतो, फार बरं वाटलं. मुंजीत मीच होतो त्याच्या."

इथपर्यंत सगळं योजल्याप्रमाणे झालं. पुढचं शास्त्रीबुवांनी योजलं नव्हतं. दिगंबराच्या घशातून एक आवाज निघाला. ते त्याच्याकडे वळले तर तो उपरण्यात तोंड खुपसून रडत होता, लहान मुलासारखा, खांदे हलत होते. "दादा आहे," तो म्हणत होता. "नाना, दादा आहे? आणि मी त्याचा पुतळा... मी पानं आणवली..." शास्त्रीबुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथेच जड होऊन राहिला. सुतक टळेल, वस्तरा टळेल, एवढं त्यांनी पाहिलं होतं. आनंद होईल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आणि मग बांगड्यांचा आवाज झाला. माजघराच्या उंबऱ्यावर सगुणा उभी होती. उंबऱ्यावर नव्हे, अलीकडे. परका पुरुष ओसरीवर असताना ती कधी या बाजूला आली नव्हती. शास्त्रीबुवांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती ओळखीची नजर ते शोधत होते, कळलं हो मामंजी, असं सांगणारी. ती नजर तिथे नव्हती. तिथे सोळा वर्षांची एक मुलगी होती, दाराआडून निरोप ऐकणारी. तिचा चेहरा इतका उघडा होता की पाहवेना. तिनं विश्वास ठेवला होता. का ठेवू नये? सगळं पुणं ठेवत होतं. आणि शास्त्रीबुवांना एकदम उमगलं की सांजा आपल्यासाठी नव्हता, कधीच नव्हता. ते समजून-उमजून चालवत होते. ती वाट पाहत होती. एका घरात, एकाच गोष्टीभोवती, इतकी वर्षं, आणि आपल्याला पत्ता नाही.

"मामंजी," ती म्हणाली. "निघताना टाचेला भेग होती. उजव्या. मी मेण आणि तेल कढवून बांधून दिलं होतं, पण तिकडे थंडी फार म्हणतात. ती... चालताना दुखत असेल का हो?"

अनंताच्या टाचेला भेग होती हे त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं. गोपाळभट खाली बघत होते. दिगंबरानं डोळे पुसले आणि तोही मान वर करून वडिलांकडे पाहू लागला. अजून वेळ होता. तिला आत घेऊन, एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. तिनं ऐकलं असतं, कोणाला सांगितलंही नसतं. शास्त्रीबुवांनी तिच्याकडे पाहिलं.

"भरली," ते म्हणाले. "भेग पार भरली. चांगला चालतो, गोसावी म्हणाला. त्याच्याबरोबर दोन दिवसांची मजल चालत आला होता."

"आणि अंगानं?"

"वाळलाय थोडा. पण चेहरा तोच. हसतो तसाच."

ती तिथेच, खांबाला धरून, खाली बसली. परका माणूस, दीर, सासरा, सगळं विसरून बसली, आणि पदराच्या टोकानं तोंड पुसून म्हणाली, "आणखी?"

शास्त्रीबुवा पाटावर जरा पुढे सरकले, आणि पुन्हा कधी विचारलं तर तसंच सांगता यावं म्हणून, एकेक शब्द नीट जपून ठेवत, सुरुवातीपासून सांगू लागले.